चेंडूत कोंबलेलं इलॅस्टिक

घाटंजीच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तपासणी समिती यायची होती तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मॅडम, काहीतरी हलतं-चालतं दाखवा. तक्ते पाहून ते जांभया देतात."

मी जीवाणूंना गाठणारा विषाणू निवडला. प्रकार मोठा अजब. जीवाणूच्या पोटात आधी विषाणूचं रिकामं डोकं तयार होतं. मग डोक्याच्या तोंडाशी बसलेली इवलीशी मोटर डीएनएचा लांबलचक धागा आत कोंबते, ठासून ठासून. आमच्या स्टाफरूममध्ये पहिली पायरी बऱ्याच जणांनी गाठली आहे. दुसरी बाकी आहे.

डोकं म्हणून प्लास्टिकचा चेंडू घेतला, धागा म्हणून सासूबाईंच्या शिवणातलं इलॅस्टिक. मोटर मी स्वतः. चेंडूच्या भोकातून पेन्सिलीनं ढोसत बसले. जेवढं आत जाई, तेवढं बाहेर येई.

"काहून वं, कायले कोंबून राह्यली हे?" सासूबाईंनी विचारलं.

"विषाणू भरतेय, आई."

"तुले साधी उशी भरता येत नाही, अन् विषाणू भरतं म्हने!"

तरी त्यांनी चेंडू गुडघ्यांत धरला, मी ढोसलं, आणि दोघींनी धापा टाकत त्याला बूच मारलं.

समितीचे अध्यक्ष आले. आधी पोट, मागून ते. मी सांगू लागले, "आत इतका दाब असतो, की विषाणू नव्या जीवाणूला चिकटला की डीएनए सटकन त्याच्यात शिरतो. मग तो जीवाणू विषाणूच्याच नकला काढत बसतो आणि शेवटी फुटतो."

"दाब? ह्याच्यात?" अध्यक्ष चहाचा कप घेऊन वाकले आणि त्यांनी बोटानं बूच हलवून पाहिलं.

इलॅस्टिक सुटलं. अर्धं चहात, अर्धं मिशीत.

प्राचार्य पांढरेफटक पडले. अध्यक्षांनी मिशी सोडवून घेतली आणि गंभीरपणे विचारलं, "मॅडम, मग आता मी किती वेळात फुटणार?"

"अर्धा तास तरी काढाल, सर," मी बोलून गेले.

मागच्या बाकावरच्या पोरी फिसकन हसल्या, आणि मग अध्यक्षच इतके हसले, की त्यांच्यासाठी खुर्ची आणावी लागली.

प्राचार्यांनी नंतर मला बाजूला घेतलं. "पुढच्या वेळी तक्तेच लावा."

पण त्या वर्षीच्या परीक्षेत विषाणूचा प्रश्न एकीचाही चुकला नाही. एकीनं तर आकृतीत जीवाणूला ढेरी काढली होती. बाण बरोबर होते, म्हणून पूर्ण गुण दिले.