शिर्क्यांच्या घरचा निरोप

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसणाऱ्यांतली मी आहे. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाची गाडी घाटात आपोआप बंद पडते... ह्या लोकांना काही कामधंदे नाहीत का, असं मी मोठ्याने म्हणायचे. देवाला हात जोडते, पण उतारे, लिंबू-मिरची, अंगात येणं असलं काही माझ्या माहेरी नव्हतं आणि सासरी मी ते शिरू दिलं नाही. तेव्हा आज मी लिहायला बसले म्हटल्यावर आमचे हे एवढंच म्हणाले, "कशाला उकरून काढतेस?" उकरून काढायला ते पुरलेलं कधी होतं, हे मी त्यांना विचारलं नाही.

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. आम्ही रोह्याला अष्टमी गावाच्या बाजूला एका लाइनीत भाड्याने राहत होतो. एका ओळीत घरं, पुढे ओटे, मागे मोऱ्या. जवळजवळ सगळे पुरुष धाटावला कंपन्यांत, शिफ्टवाले. आख्ख्या लाइनीत फोन एकट्या आमच्याकडे. तरुण वाचकांना कळणार नाही म्हणून सांगते – तेव्हा ज्याच्याकडे फोन नसे तो शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे 'पी.पी.' लिहायचा. म्हणजे लग्नपत्रिकेपासून कंपनीच्या रजिस्टरपर्यंत सगळ्या लाइनीचा नंबर आमचा. फोन वाजला की मी चुलीवरचं टाकून धावायचं, "अहो सावंत, फोन" म्हणून ओरडायचं. माणूस घरी नसला तर निरोप घ्यायचा आणि पोचवायचा. कोण बोलतंय, कशासाठी, हे विचारायचं नाही. तो लोकांचा खाजगी मामला. आपण "बरं, सांगते" म्हणायचं आणि सांगून यायचं. ही रीत होती आणि मी ती चोख पाळत होते, कुरकुर करत का होईना.

माझी ती धावपळ बघून ह्यांच्या कुवेतच्या चुलतभावाने एक कॉर्डलेस फोन आणला. एक बेस, त्याला लांब एरियल, आणि हातात घेऊन फिरायचा हँडसेट. माझा दादा पेणला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा, दुकान होतं त्याचं. तो येऊन जोडून गेला. बेस शोकेसवर, जुना फोन त्याच टेलिफोनच्या लाइनीवर खाली स्टुलावर. आता फोन आला की मी हँडसेट घेऊन सरळ त्या-त्या घरी जायचे. बायका ओट्यावर बसून बोलायच्या. सावंतीणबाई तर फोन कानाला लावायच्या आधी पदराने पुसायची.

थोड्या दिवसांनी दुपारी हँडसेट वाजला. नेहमीसारखा नाही – बारीक टिणटिण. दादाने सांगितलं होतं, बेसवर एक बटण आहे, ते दाबलं की हँडसेट असा वाजतो आणि घरातल्या घरात बोलता येतं. बेसलाच स्पीकर होता. मी मागे कपडे धूत होते, म्हटलं ह्यांनी दाबलं असेल. पण आवाज ह्यांचा नव्हता. वयस्कर माणूस, शांत, आदबशीर. "ताई, सावंतांच्या घरी निरोप द्याल का? पाहुणे निघालेत म्हणावं." मी म्हटलं, "बरं, सांगते." जाऊन सांगितलं. सावंतीणबाईने भात वाढवून टाकला, आणि थोड्या वेळात खरंच तिचे भाऊ-भावजय हजर.

"फोन केलात ते बरं झालं," ती म्हणाली.

"आम्ही कुठं केला फोन?" भाऊ म्हणाला. "एस.टी. मिळाली तसं निघालो."

सगळे हसले. मी दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "जवळपास कुणाकडे तरी असाच सेट असणार. त्याचं बोलणं तुझ्यात घुसतंय. उद्या तुझ्या लाइनीवरून कुणी दुबईला बोलेल आणि तुला कळायचं पण नाही." आला रविवारी. बॅटरीच्या झाकणाखाली बारीक पांढऱ्या बटणांची ओळ असते, काही वर काही खाली. बेसला पण तशीच ओळ. दोन्हीकडे एकच जुळणी असेल तरच ते एकमेकांना ओळखतात. सेट कंपनीतून येतात तेव्हा सगळ्यांची जुळणी सारखीच, आणि बदलत कुणीच नाही. दादाने बदलली. मग हँडसेटवरची जुळणी मुद्दाम चुकवून दाखवली – मेलाच तो, नुसता खरखरत राहिला. परत जुळवला. "आता तुझ्या बेसशी दुसरं कुणी बोलूच शकत नाही," म्हणाला. मला पटलं. मला अजूनही ते पटतं, त्यानेच तर झोप जाते.

मग मालतीवहिनीचं झालं. शेवटच्या घरात राहायची. तिला तिच्या नणंदेचा फोन आला म्हणून मी घराला कुलूप घालून हँडसेट घेऊन तिच्याकडे गेले. हे फर्स्ट शिफ्टला, घरात कुणी नाही. तिचं बोलणं झालं, मी जरा टेकले आणि हँडसेट वाजला. टिणटिण.

मी बघतच राहिले. हा आवाज बेसवरचं बटण दाबल्याशिवाय येत नाही, आणि बेस माझ्या कुलूपबंद घरात.

"ताई," तोच आवाज, "मालतीला निरोप द्या. आईला भेटायचं तर आजच निघ म्हणावं."

मालतीवहिनी समोरच, माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय गो? कोण हाय?" तिची आई नागोठण्याला, चांगली ठणठणीत बाई, दोन दिवसांपूर्वीच फणसाची भाजी घेऊन येऊन गेली होती. निरोप होता तो मी दिला. रीतच ती. वहिनी घाबरून एस.टी.ने गेली. आई अंगणात भात पाखडत होती. "तुला कुणी सांगितलं गो, मला काय झालंय?" म्हणून लेकीलाच रागावली. संध्याकाळी मात्र जेवून उठता उठता ती गेली. लेक शेजारी होती.

मी त्या दुपारी घरी आले तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. मागचं दार आतून कडी लावलेलं. घरात सगळं जागच्या जागी. बेसवरचा बटणाचा लाल दिवा तेवढा लागलेला होता. बाराव्याला मालतीवहिनीने माझे हात धरले, म्हणाली, "तुमच्यामुळं तोंड बघाय मिळालं." लाइनीत कुजबुज झालीच. सावंतीणबाईने फोनवर बोलणं सोडलं. आमच्या ओट्यावर बायका बसेनाशा झाल्या.

दादा आला, खोलून बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "दुकानात नेतो, नीट तपासतो." बेस पिशवीत घालून पेणला घेऊन गेला. हँडसेट माझ्याकडे राहिला, कारण मी तो कपाटात कोंबून ठेवला होता आणि द्यायचं विसरले. बेसशिवाय हँडसेट म्हणजे नुसतं खेळणं, त्याची पोच जेमतेम लाइनीच्या टोकापर्यंत. आणि रोहा कुठे, पेण कुठे.

आता शिर्के. आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. ह्यांच्याच प्लांटवर, एकाच जागेवर आलटून पालटून – शिर्के फर्स्टला असले की हे सेकंडला. म्हणजे हे पोचल्याशिवाय शिर्क्यांना जागा सोडता यायची नाही. रिलीव्हर आला नाही तर त्याच माणसाने पुढची शिफ्टही करायची, डबल. तसं झालं की कंपनीतून आमच्याकडे फोन यायचा, आज डबल आहे, वाट बघू नका म्हणावं. हा निरोप मी लाइनीत किती वेळा पोचवला असेल त्याला गणती नाही. शिर्केवहिनी वरच्या गावची, भातशेतीवाल्या घरातली, साधी, लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती.

त्या दिवशी हे सेकंडला होते, अंघोळ करत होते. मी पोळ्या लाटत होते. आणि कपाटातून टिणटिण ऐकू आलं.

मला आधी कळेचना. कपाट उघडलं. हँडसेट साड्यांच्या खाली वाजत होता. न घेऊन चाललं असतं, पण इतक्या वर्षांची सवय... हात गेलाच.

"ताई, शिर्क्यांच्या मंडळींना निरोप द्या. वाट बघू नका म्हणावं."

आणि माझ्या तोंडातून गेलं, "बरं, सांगते." मग मी भानावर आले. जन्मात कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं – "कोण बोलतंय?"

"सांगा हं, नक्की," एवढंच म्हणाला. आणि बंद.

मी जुन्या फोनवरून पेणला दादाला लावला. "बेस कुठाय?" "समोर टेबलावर. सगळा खोललाय, बोर्ड बाहेर काढलाय. का गो?" मी फोन ठेवला.

हे बाहेर आले तर मी भिंतीला टेकून उभी. सगळं सांगितलं. हे चिडले. "डबलचा निरोप असेल कुणाचा तरी." मी म्हटलं, "रिलीव्हर तुम्ही. तुम्ही तर जाताय. मग डबल कशाचं?" मी हट्टाला पेटले. आत्ताच्या आत्ता निघा, स्कूटरवर जा, शिर्क्यांना लवकर सोडा, ते डोळ्यांसमोर घरी आले की माझा जीव भांड्यात पडेल. जेवले पण नाहीत, डबा घेऊन गेले बिचारे.

मग मी शिर्क्यांकडे गेले. वहिनी दारात सुकट निवडत होती. माझ्या हातात निरोप होता आणि मी तो दिला नाही. कसा देणार? मी उलटच बोलले. "आज शिर्केभाऊ लवकर येतायत. जेवायला थांबा, दोघं बरोबर जेवा."

ती लाजली. "व्हय? मग भाकऱ्या मागनं टाकते, गरम गरम."

पुढचं मला ह्यांनी सांगितलं ते असं. हे लवकर पोचले, शिर्के खूश झाले. कंपनीची बस शिफ्ट सुटल्यावरच निघणार, तोवर इथे बसून काय करायचं, म्हणून ह्यांनी त्यांना आपल्या स्कूटरची चावी दिली. वॉचमनने गेटवर बघितलं, हात वर करून गेले. धाटावहून आमच्या घराचा रस्ता तो किती, आणि भरदुपारी, ट्रक-रिक्षांची वर्दळ. शिर्के आले नाहीत. स्कूटर रस्त्याच्या कडेला सापडली – स्टँडवर लावलेली, चावी तशीच, हुकाला डब्याची पिशवी. ना अपघात, ना रक्ताचा थेंब. कुंडलिका नदीत शोधलं, शेतांत शोधलं, त्यांच्या गावी माणसं गेली. पोलिसांनी ह्यांना पुन्हा पुन्हा बोलावलं. पळून गेला, कुणी बाई असेल, असं पण लोक बोलले. त्या माणसाने कधी बायकोला सोडून चहा प्यायला नव्हता.

मी पाठवलं नसतं तर शिर्के सगळ्यांबरोबर बसने आले असते, हे मला लोकांनी सांगायची गरज नाही. पण माझं चुकलं असंही मी म्हणणार नाही. तुम्ही काय केलं असतं? एखाद्याच्या बायकोला जाऊन सांगितलं असतं, वाट बघू नका?

दादाने तो सेट परत जोडला नाही. त्याच्या मते सेटमध्ये काहीही बिघाड नव्हता, आणि बेस उघडा पडलेला असताना हँडसेट वाजूच शकत नाही. तो वाजला नाही असं मात्र तो कधी म्हणाला नाही. मी खूप विचार केला, जाणकारांना विचारलं. तो आवाज कुणाचा, माझ्या घरातून कसा बोलत होता, आणि आम्हालाच का?

आम्ही पुढे ब्लॉक घेतला, फोनचा नंबर तोच तिकडे नेला. शिर्केवहिनी त्याच लाइनीत राहते, शिवणकाम करते. कुंकू लावते, मंगळसूत्र घालते. माणूस गेल्याचं कुणी तिला सांगितलेलं नाही, मग का काढेल? संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकवाला येते. केस पांढरे झालेत. मी तिच्या कपाळाला बोट लावते आणि नजर कुंकवाच्या वाटीकडेच ठेवते.

आता घरात चार मोबाइल आहेत. मुलगा म्हणतो, ती जुनी लाइन बंद करून टाक, फुकट भाडं भरतेस. मी भरते. कारण वहिनीने मला एकदा, एकदाच, विनवलं होतं, "ताय, तेवढा नंबर घालवू नका. त्यांना दुसरा कुठला पाठ नाय."

ह्या संक्रांतीलाही वाण घेऊन झाल्यावर ती फोनच्या स्टुलाजवळ थांबली. "चालू हाय ना?" म्हणाली. मी रिसीव्हर उचलून तिच्या कानाला लावला. आतला तो एकसुरी आवाज तिने नीट ऐकला, मान हलवली, आणि समाधानाने घरी गेली.