केळीच्या बेटावरचा पाहुणा

इंग्लंडमधल्या लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये मी डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा पहिली मैत्रीण मिळाली ती आमच्या वॉर्डची सिस्टर. ती सेंट लुशियाची. कॅरिबियन समुद्रातलं हे एवढंसं बेट. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल. एका रविवारी तिने मला जेवायला बोलावलं. "खारा मासा आणि फिग करतेय," म्हणाली. माशाबरोबर अंजीर कसं लागेल, या काळजीतच मी पोचले. ताटात बघते तर उकडलेली कच्ची केळी! त्यांच्याकडे कच्च्या केळ्यालाच फिग म्हणतात. माझं माहेर रावेरचं, म्हणजे केळीच्या मुलखातलं. मी ताट चाटूनपुसून साफ केलं आणि आमची मैत्री पक्की झाली.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलीचं लग्न निघालं आणि बेटावरून तिचा थोरला भाऊ आला. साठीच्या पुढचा, ताडमाड उंच, आणि मे महिन्यातही स्वेटरवर कोट चढवणारा. ती लग्नाच्या धावपळीत, म्हणून पाहुणा माझ्या गळ्यात पडला.

"याला जरा बाहेर फिरवून आण. घरात नुसता हीटरला चिकटून बसतो."

मला किराणा भरायचाच होता, त्यांना सुपरमार्केटमध्ये नेलं. ते थेट केळ्यांपाशी गेले आणि एकेक फणी उचलून तिच्यावरचा स्टिकर वाचू लागले. लोक वळून बघायला लागले.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"आमच्या बेटाचं नाव."

ते कुठेच नव्हतं. मलाच ओशाळल्यासारखं झालं. मी त्यांना वरच्या कॅफेत चहाला नेलं आणि तिथे ते बोलायला लागले.

"माझ्या लहानपणी इंग्लंडला आमच्या बेटांवरची केळी यायची. बोट लागायची त्या दिवशी गावात नुसती जत्रा! आई शेडमध्ये केळी धुवायची, आम्ही पेट्या भरायचो, संध्याकाळी सगळे नाचायचे. मग जगाच्या व्यापाराचे नियम बदलले. बाजार सगळ्यांना सारखाच खुला, म्हणाले. आमची शेतं डोंगरउतारावर, अंगणाएवढी. मोठ्या कंपन्यांचे मळे नजर पोचणार नाहीत इतके लांब. त्यांच्या भावात आम्ही कुठून देणार?"

बोटी कमी झाल्या. शेजारच्या कितीतरी जणांनी केळीच्या बागा तोडून टाकल्या, कुणी टुरिस्टांची टॅक्सी चालवू लागले. माझी मैत्रीण नर्सिंग शिकून इकडे आली.

"आधी आम्ही तुम्हाला केळी पाठवायचो, मग माणसं पाठवायला लागलो," ते म्हणाले आणि खो खो हसले. "माणसं जास्त टिकतात!"

मला मात्र रावेर आठवलं. आमची केळी आता परदेशी जातात, याचं मला केवढं कौतुक! ती तिथे कुणाची जागा घेत असतील, हा विचार कधी शिवलाच नव्हता. मी तसं बोलून दाखवलं.

"अहो, तुमच्या लोकांनीही कमवावं की," ते म्हणाले. "फक्त टेबलाशी आम्हालाही एक खुर्ची हवी."

"मग तुम्हीही शेती सोडलीत?"

"छे! निम्म्या शेतात कोको लावला. उरलेल्या केळ्यांचं माझी बायको केचप करते, झणझणीत मिरची घालून. बेटावरच्या हॉटेलांत सगळं बाहेरून यायचं, केचपसुद्धा. आता तीन हॉटेलांत आमची बाटली असते."

तसल्या बाटल्या त्यांनी बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणल्याही होत्या.

लग्नाच्या दिवशी चर्चच्या हॉलच्या किचनमध्ये मी कच्च्या केळ्यांची भजी तळायला घेतली. ते बाहेर कोट घालून उभे, प्रत्येकाच्या प्लेटमध्ये केचप वाढत. घाणा निघाला की संपत होता. माझी इथे जन्मलेली लेक धावत आत आली. "आई, हा चटणी कसला भारी आहे! आणखी दे ना!" मी तिचं मराठी सुधारायच्या आधीच ती प्लेट घेऊन पसार झाली.

नवऱ्यामुलाची आजी पक्की इथली, यॉर्कशरची. साधी मिरीसुद्धा तिला तिखट लागते, असं घरचे सांगत होते. ती डोळे पुसत पुन्हा पुन्हा भज्यांसाठी येत होती. शेवटी तिने पाहुण्यांना गाठलं.

"हे केचप मिळतं कुठल्या दुकानात?"

"दुकानात नाही, आमच्या घरी. या की!"

असं आमंत्रण कोण मनावर घेतं? आजीने घेतलं. ख्रिसमसला ती नातू-नातसुनेबरोबर खरोखरच गेली, आणि हॉटेलात नव्हे, त्यांच्याच घरी राहिली.

जानेवारीत मैत्रिणीने स्टाफरूममध्ये मला फोनवर व्हिडिओ दाखवला. कोकोच्या बिया चकचकीत व्हाव्यात म्हणून तिकडे त्या पायांनी घासतात, ढोलाच्या तालावर. अंगणभर बिया पसरलेल्या, आणि त्यांत पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाहुण्यांचा हात धरून आजी अनवाणी नाचत होती.