उलट्या ठिगळाची गोधडी

धुकं अजून चढावरून हललं नव्हतं. तेवढ्यात गोधडीवाली शेळीची धार काढून, अंगण झाडून ओट्यावर टाके घालायला बसलीसुद्धा होती. गारठ्यानं बोटं आखडली की ती चहाच्या पेल्याला लावून घ्यायची. टाका हल्ली डोळ्यांनी कमी आणि अंगठ्यानं जास्त पडायचा, पण हे तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं.

इतक्यात धापा टाकत कुणीतरी चढ चढून आलं. खोकल्यावरून तिनं ओळखलं, जुळा भाऊ. शहरात घड्याळं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. आईच्या पोटातून आधी तो बाहेर आला, तेवढ्या भांडवलावर आयुष्यभर थोरलेपणा गाजवला. पण हल्ली दोघं शेजारी उभे राहिले की लोक तिलाच थोरली समजत. एका कंडक्टरनं तर विचारलं होतं, आजी, मुलगा का हा? त्या दिवसापासून भाऊ आणखी मन लावून केस काळे करतो.

त्यानं पिशवीतून तिनंच पाठवलेली नवी गोधडी काढून पसरली. मधलं ठिगळ उलटं बसलं होतं. फुलं आत, फिकी बाजू वर.

"नवी तऱ्हा आहे ती," ती म्हणाली.

"सुई ओव बघू."

दोरा सुईच्या कधी अलीकडून, कधी पलीकडून जात राहिला. भाऊ हसला नाही.

त्याला मोतीबिंदू निघाला तेव्हा दवाखाना कोपऱ्यावरच होता. सुनेनं हाताला धरून नेलं, काम झालं. इथून जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. असे दिवस तिनं कमी मोडले नव्हते. सासऱ्यांचे डोळे, सासूचा गुडघा, नवऱ्याचं शेवटचं आजारपण, सगळं तिनंच केलं. दवाखान्यातले बाक तिला पाठ होते, फक्त डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर ती स्वतः कधी बसली नव्हती. वयानं थोडं अंधुक दिसायचंच, असं म्हणून तिनं विषय मिटवला होता.

आता भावानं दवाखान्याचा हट्ट धरला, तर तिचं घोडं शेळीपाशी अडलं. धार कोण काढणार? कोंबड्या कोण कोंडणार?

"मी," भाऊ म्हणाला. "तू माझ्या घरी जा, मी इथं राहतो."

ती हसत सुटली. पाणी खालून आणायचं असतं, तुला स्वतःलाच धड वर आणता येत नाही, म्हणाली. लिफ्टनं फुकट बसवून ठेवलेत पाय, लागू देत कामाला, हे त्यावर त्याचं उत्तर.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी काय त्रास होतो विचारलं, तर हिनं भावाचा दमा सांगितला, नवऱ्याचं जुनं दुखणं सांगितलं, शेळी लंगडते तेही सांगितलं. भाच्याची बायको शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, तुमचं सांगा."

गोधडीवाली स्टुलावर पुढं सरकून बसली.

"सुई दिसत नाही हो मला."

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा तिनं आधी डॉक्टरीणबाईंच्या पदराची शिवण पाहिली आणि चांगली आहे म्हणाली. मग भाच्याच्या घरातली कोळिष्टकं मोजायला लागली, तेव्हा सगळ्यांनी तिला हसत हसत लिफ्टमध्ये फिरायला धाडलं.

महिन्याभरानं ती परतली तेव्हा भाऊ बसथांब्यापर्यंत घ्यायला आला होता. मुळापासून केस पांढरे, अंगाला शेळीचा वास, पण धाप कुठल्या कुठे. शेळीनं दोनदा उताणा पाडला म्हणे, तरी तिचीच बाजू घेत होता. कंडक्टरनं दोघांकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

दुसरा डोळा थंडी सरल्यावर करायचा ठरला होता. पुन्हा इथं राहायला मिळणार म्हणून हे ऐकून भाऊ शेळीपेक्षा जास्त उड्या मारायला लागला.

ओट्यावर ती गोधडी तशीच पडली होती. तिनं मांडीवर घेऊन ठिगळ उसवायला सुरुवात केली.

"राहू दे की," तो म्हणाला. "नवी तऱ्हा आहे ना?"

"दादा, पाणी आण जा."

तो घागर घेऊन उतारावर लागला. तिनं सुई उजेडाकडे धरली, दोरा ओवला, फुलं वर केली आणि पहिला टाका घातला.