उद्याची सही

नाईलकाठच्या एका पाटबंधारे कचेरीत वगदी हजेरीपुस्तक सांभाळायचा. कोणाची सही कोणी ठोकलीय, हे तो लांबूनच ओळखायचा. सरकारी नोकरांच्या कायद्याच्या प्रशिक्षणाला त्याला धाडलं, तिथंही त्याची खोड जाईना. पहिल्या दिवशी रऊफ मास्तरांनी खोट्या सहीची शिक्षा तासभर समजावली. वगदीचा डोळा मात्र टेबलावरच्या हजेरीपत्रकावर. चहाच्या सुट्टीत त्यानं हळूच विचारलं, "उस्ताद, उद्याच्या रकान्यात तुमची सही आजच कशी?"

"उद्या मेहुण्याच्या मुलीचं लग्न आहे रे बाबा. तूच घे उद्याचा तास, तुला सगळं येतंय."

"विषय काय?"

मास्तरांनी चहातली साखर ढवळत वेळापत्रक पुढं सरकवलं. वगदीनं वाचलं: विनापरवानगी गैरहजेरी.