तात्यांसाठीची सूचना आता कुठं लिहू?

मंडळी, आज डोकं फिरलंय. सकाळीच इंदापुरातल्या प्रेसवाल्या तात्यांचा मला बारामतीला फोन आला. वीज जाऊन आली आणि संगणक प्रिंटरच ओळखेना. समोर एक जण वारलेल्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकांसाठी खोळंबलेला. कार्यक्रम उद्यावर आलेला.

"आरं, ती फाईल कुठं हाय? मी करतो की नीट," तात्या म्हणाले.

जुन्या सिस्टीमवर ते करायचेही. प्रिंटरचं सेटिंग साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असायचं आणि त्यात वरतीच मी लिहून ठेवलं होतं : तात्या, छपाई अडली तर फक्त खालची ओळ तपासा.

नव्या सिस्टीमनं सगळ्या प्रोग्रामची सेटिंगं रजिस्ट्री नावाच्या एकाच कोठारात कोंबलीत. एसटीनं जाऊन मी ती उघडली, तर नुसतं आकड्यांचं जंगल! एक कोपरा बिघडला म्हणून अख्खी सिस्टीम पुन्हा टाकावी लागली. तोवर तो माणूस हात हलवत परत गेला होता, गावोगाव तोंडी निरोप द्यायला.

निघताना तात्यांनी विचारलं, "आता माझ्यासाठी कुठं लिवून ठेवलंस?"

ही रजिस्ट्री डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांनो, तुम्हीच सांगा त्यांना.