सरांनी ‘विका’ म्हटलं तो सोमवार

नव्वदचं दशक सरत आलं होतं. दिल्लीत सरकारं पडायची आणि कोल्हापुरात आमच्या ऑफिसातल्या खुर्च्या भरायच्या. मी तेव्हा एका शेअर दलालाकडे कामाला होते. स्टेशन रोडला औषधाच्या दुकानावरचा मजला, गच्चीवर बाजाराशी जोडणारी मोठी डिश, आत दोन संगणक. त्यातल्या एकावर मी. गिऱ्हाईक सांगेल ते घ्यायचं, सांगेल ते विकायचं आणि सौदा झाला की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं. बी. कॉम. होऊन मला एवढंच मिळालं होतं. पगार बेताचा, पण करमणूक भरपूर.

करमणूक म्हणजे समोर बसलेले पुरुष. सकाळी पंखा सुरू झाला की यायचे आणि बाजार बंद होईपर्यंत हलायचे नाहीत. आपल्या गल्लीत पाणी किती वाजता येतं हे ज्याला बायकोला विचारावं लागायचं, तो कुठला पक्ष कधी पाठिंबा काढणार हे छातीठोकपणे सांगायचा. पडद्यावर भाव लाल झाला की सगळे दिल्लीला शिव्या घालायचे, हिरवा झाला की स्वतःची पाठ थोपटायचे.

या सगळ्यांचे गुरू म्हणजे आमचे सर. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि पडद्यासमोरची पहिली खुर्ची. ती खुर्ची रिकामी असली तरी तिच्यावर कुणी बसायचं नाही. सर बोलायला लागले की मालक स्वतः पंख्याचा वेग कमी करायचे, आवाजात अडथळा नको म्हणून.

अणुचाचण्या झाल्या तेव्हा सर म्हणाले, “आता जग आपल्याला वाळीत टाकणार. बाजार संपला.” बाजार पडला, आणि सरांची कॉलर ताठ झाली. पुढच्या वर्षी सीमेवर लढाई लागली. सर म्हणाले, “युद्धात बाजार टिकत नाही, हा इतिहास आहे.” तेव्हा बाजार चढत गेला. मला वाटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “राष्ट्र एकवटलं की बाजार वर जातो, हाही इतिहासच आहे.” आणि खोलीतल्या सगळ्या माना हलल्या. त्या दिवशी मला कळलं, की माणसांना भविष्य खरं ठरायला नको असतं. कुणीतरी ठाम आवाजात सांगायला हवं असतं, एवढंच.

आमच्याकडे बायका येत नसत. एकच यायच्या, त्यांना सगळे ‘सिस्टर’ म्हणायचे. हातकणंगल्याच्या. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी करून वेळेआधीच निवृत्ती घेतलेल्या. आईबाप लोकांच्या रानात राबलेले. धर्मांतर झालं त्या वर्षीचा यांचा जन्म, आणि घरात शाळेची पायरी चढलेल्या या पहिल्या. नवरा लवकर गेला. पगारातून थोडे थोडे शेअर त्यांनी वर्षानुवर्षं जमवले होते. मुलगी डॉक्टर होत होती. ती शिकून आली की गावात घरावर दोन खोल्या चढवून तिला दवाखाना काढून द्यायचा, हा त्यांचा बेत. सकाळच्या गाडीनं यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या, आणि कधी मला डब्यातली भाकरी द्यायच्या. “पोटाला काय तरी खा, नुसतं वरडून घसा बसंल,” म्हणायच्या.

लढाईनंतर पाच वर्षांनी ती निवडणूक आली, जिच्यात सगळ्या वर्तमानपत्रांनी सरकार परत येणार म्हणून सांगितलं होतं. सरांनी तर टेबलावर मूठ आपटली होती. “लिहून घ्या. हे सरकार कुठंही जात नाही. निकालाच्या आधी घेऊन ठेवा.” लोकांनी घेतलं. उसनवारी करूनही घेतलं. आणि निकालात सरकार गेलं.

शुक्रवारी बाजार आपटला. नवं सरकार डाव्यांच्या पाठिंब्यावर येणार, ते खाजगीकरण थांबवणार, परदेशी पैसा पळणार, अशा बातम्या शनिवार-रविवारभर टीव्हीवर चालल्या. आमच्या मंगळवार पेठेतसुद्धा, ज्यांनी आयुष्यात एक शेअर पाहिला नव्हता ती माणसं कट्ट्यावर बसून ‘बाजाराचं काय होणार’ म्हणून चर्चा करत होती. देश बुडणार असल्याची चव सगळ्यांच्या जिभेला लागली होती.

सोमवारी मी पोचले तेव्हा जिन्यातच गर्दी. बाजार उघडला आणि पडद्यावर एकही आकडा हिरवा राहिला नाही. थोड्याच वेळात बाजार इतका कोसळला की व्यवहारच आपोआप थांबले. घसरण ठरावीक हद्दीच्या खाली गेली की तसा नियम आहे. पडदा गोठला. पन्नाशीचे बापये पडद्याकडे बघत उभे होते, देवळाचा दरवाजा तोंडावर बंद झाल्यासारखे.

तेव्हा सर खुर्चीवर चढायचेच काय ते बाकी होते. निकालाआधी काय बोललो याची त्यांच्या चेहऱ्यावर खूणसुद्धा नव्हती. “मी सांगतो ऐका,” ते म्हणाले. “हे आता वर्षानुवर्षं वर येणार नाही. हे लोक बाजाराला कुलूप लावतील. बाजार उघडला की मिळेल त्या भावाला विका आणि मोकळे व्हा.”

एवढं पुरे होतं. बाजार पुन्हा उघडला आणि माझ्या अंगावर माणसं आली. “माझे विक!” “माझे आधी!” मी विकत गेले, ओरडत गेले. “हुपरीवाल्यांचे गेले! पेढीवाल्यांचे गेले!” हुपरीवाले म्हणजे पैंजणांचा कारखाना असलेले एक गृहस्थ. ते कपाळाला हात लावून बसले. सिस्टर पुढं आल्या. “पोरी, निम्मे इक माझे. सर म्हनत्यात तर खरं असंल.” मी विकले. त्यांच्या लेकीच्या दवाखान्याची एक खोली मी माझ्या बोटांनी विकली आणि ओरडले, “सिस्टरचे गेले!”

त्यानंतर लगेचच मालक माझ्या मागं येऊन वाकले. कानाशी म्हणाले, “सरांच्या मिसेसच्या खात्यात घे. मोठ्या बँकेचे आणि सिमेंटचे. मिळतील तेवढे.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “विकायचे ना?”

“घे म्हटलं. आणि ओरडू नको.”

सरांचे सौदे ओरडायचे नाहीत हा जुना नियम होता. सरांना गाजावाजा आवडत नाही, असं त्याचं कारण सांगितलं जायचं. मी इतकी वर्षं त्यांना साधं समजत आले होते. मी वळून बघितलं. सर पहिल्या खुर्चीत बसून एका म्हाताऱ्या पेन्शनरला समजावत होते, “विका हो, काका, अजून वेळ गेलेली नाही.”

खरं सांगते, सरांच्या ओरडण्यानं भाव एका पैशानं हलला नसता. आमच्या ऑफिसाची सगळी विक्री बाजाराच्या दृष्टीनं समुद्रात थुंकण्याइतकी. म्हणजे लोकांना घाबरवून स्वस्तात घ्यावं, एवढा मोठा डावही तो नव्हता. तसा असता तर निदान हुशारी तरी म्हटली असती. आपल्या शब्दावर माणसं घाबरतात हे बघायची त्यांना चटक लागली होती. घाबरायचं दुसऱ्यांनी, आपण नाही, एवढंच त्यांचं राज्यशास्त्र.

मी सौदा केला. आणि रोज ओरडायची त्याहून मोठ्यानं ओरडले, “सर, तुमची खरेदी झाली! बँक झाली, सिमेंट झालं! अजून घेऊ का?”

हुपरीवाल्यांनी कपाळावरचा हात काढला. “काय ओ पावणं, आमाला इका म्हनताय आन तुमी घ्येताय व्हय?”

सर उठले. चेहऱ्यावर हसू आणायचा प्रयत्न केला. “तसं नाही. ती दीर्घ मुदतीची गुंतवणूक आहे. प्रत्येकाची जोखीम घ्यायची ताकद वेगळी असते. हे शास्त्र आहे.”

“मग हे शास्त्र मगाशी कुटं गेलतं?” हुपरीवाले म्हणाले.

सिस्टर मागच्या बाकावरून उठून थेट सरांसमोर आल्या. मी त्यांना अशा पुरुषांच्या घोळक्यात शिरताना कधी बघितलं नव्हतं. “सर, मी वॉर्डात लई डॉक्टर बघितलेत. चांगले बघितले, चुकणारे बी बघितले. पर पेशंट मरतोय म्हनून वरडायचं आन मागनं त्याचीच खाट आपल्या नावावर करायची, असला न्हाय बघितला.”

सर म्हणाले, “बाई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

“व्हय की,” सिस्टर म्हणाल्या. “माजं गेलंय, मग भावना माजीच असनार.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “पोरी, गेलेलं परत घ्येता येतंय का?”

“येतं. पण भाव थोडा वर सरकलाय. तेवढे येणार नाहीत.”

“जेवढे येतील तेवढे घे. आन राहिलेलं निम्मं कुनी कितीबी वरडूंदे, इकू नको.”

मी घेतले. हातात आले ते विकल्यापेक्षा कमी होते. पण मी “सिस्टरचे परत आले!” म्हणून ओरडले, तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. हुपरीवाल्यांनी मात्र परत घेतले नाहीत. सरांना शिव्या घालून त्यांनी उरलेले सगळे विकले. शिव्या देऊनही माणूस सल्ला तोच मानतो, ही गंमत मी त्या दिवशी पाहिली.

संध्याकाळी मालकांनी मला आत बोलावलं. “उद्यापासून येऊ नकोस. गिऱ्हाइकाची गुप्तता पाळता येत नाही तुला.”

“बाकीच्यांची गुप्तता मी रोज ओरडूनच पाळत होते,” मी म्हटलं. त्यांना विनोद कळला नाही, किंवा कळून घेतला नाही. घरी नवरा दोन दिवस धुसफुसला. “तुला काय पडलं होतं त्यांचं? आपला पगार गेला ना?” पुढं एका पतसंस्थेत मला काम मिळालं, तिथं ओरडावं लागत नव्हतं.

बाजार दुसऱ्याच दिवशी सावरायला लागला आणि वर्ष संपेपर्यंत जुन्या जागेच्या वर जाऊन बसला. सरांचा आठवड्याभरात एका स्थानिक वर्तमानपत्रात लेख आला: घबराटीच्या काळात विकू नका. फोटोसकट. लेख इतका गाजला की एका मंडळानं शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. ऑफिसातली पहिली खुर्ची त्यांचीच राहिली. हुपरीवालेही पुन्हा त्यांच्या शेजारी बसायला लागले, असं मी ऐकलं. मला नवल वाटलं नाही.

हातकणंगल्याला दोन खोल्या चढल्या. एक थोडी लहान निघाली, आणि रंग द्यायचा राहून गेला. उद्घाटनाला सिस्टरनी मला बोलावलं, मुलीच्या हातून पहिला रक्तदाब माझा तपासायला लावला. सरांचं नाव निघालं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, “त्या मानसाचं सोड. माजीच अक्कल त्या दिवशी दुसऱ्याच्या खुर्चीत बसली हुती.” यापलीकडे त्यांनी कधी विषय काढला नाही.

काही वर्षांनी परदेशातल्या मोठ्या बँका बुडाल्या आणि इथंही हाहाकार झाला. आमच्या पतसंस्थेनं ‘जागतिक संकट आणि सामान्य माणूस’ म्हणून व्याख्यान ठेवलं. व्याख्याते कोण, ते सांगायला नको. सभागृह भरलेलं. सर थकले होते, पण आवाज तोच. इतिहास आला, दिल्ली आली, या वेळी अमेरिकाही आली. मी मागच्या रांगेत नवऱ्याशेजारी बसले होते. व्याख्यान संपलं तशी लोकांनी व्यासपीठाकडे रांग लावली, कुणी पाया पडायला, कुणी आपल्या शेअरचं विचारायला.

नवरा माझ्या कानाशी म्हणाला, “एवढे आलोच आहोत, तर आपल्या थोड्याशा पैशाचं काय करायचं, विचारून येऊ का?”

“विचार की,” मी म्हटलं. “फक्त ते काय म्हणाले, ते घरी येऊन मला सांगू नकोस.”

तो रांगेत जाऊन उभा राहिला. मी बाहेर येऊन चहा सांगितला.