पिल्लांची खोली

नगरजवळच्या एका संशोधन संस्थेची नवी इमारत आखायला घेतली, तोवर मी शाळा आणि दवाखाने बरेच बांधले होते. उंदीर-सशांसाठी खोल्या पहिल्यांदाच. पण धास्ती वाटली नाही. नियम वाचले, शास्त्रज्ञांशी बोलले आणि नकाशा तयार केला. वर प्रयोगशाळा, खाली प्राण्यांच्या खोल्या. धुतलेले पिंजरे एका दाराने आत, घाण पिंजरे दुसऱ्या दाराने बाहेर.

संस्थेचे प्रमुख खूश झाले. "उद्या सही करतो," म्हणाले.

त्या दुपारी मी जुन्या शेडमध्ये गेले. प्राण्यांची देखभाल करणाऱ्या मावशी पिंजऱ्यांतला भुसा बदलत होत्या. तिसगावकडच्या, आधी ऊसतोडीला जायच्या, मग इथे कामाला लागल्या. मी नकाशा पसरून एकेक खोली दाखवली. एका चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्ये काय हाय?"

"जनरेटर. लाईट गेली तरी एसी चालू राहावा म्हणून."

"आन् त्याच्या भितीला लागून?"

"पिल्लंवाल्या उंदरांची खोली."

"न्हाई म्याडम. मागं शेडच्या शेजारी बोअर मारलं हुतं. लई धडधड. तवा उंदरांच्या आयांनी आपलीच पिल्लं खाल्ली."

आवाजाचा विचार मी केला होता, पण माणसाच्या कानांनी.

मी तडक प्रमुखांच्या केबिनमध्ये गेले. ते वैतागले. "आता बदल? भिंत जाड करा की."

"थरथर जमिनीतून जाते, सर. जनरेटर कंपाउंडजवळ नेते, वेगळ्या पायावर. आठवडाभर द्या."

"हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

मी मावशींना आत बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. प्रमुख ऐकत राहिले. मग सावकाश म्हणाले, "तेव्हा आम्ही खाद्याला दोष दिला होता." आणि नकाशा माझ्याकडे सरकवला. "करा बदल."

प्राणी नव्या इमारतीत आल्यावर आम्ही तिघं त्या खोलीत उभे राहिलो आणि बाहेर जनरेटर चालू करायला सांगितला. मी भिंतीला तळहात लावला. काहीच जाणवलं नाही. समोरच्या पिंजऱ्यात उंदरीण गुलाबी पिल्लांना पाजत होती. तिने मानसुद्धा वळवली नाही. प्रमुखांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मला फार बरं वाटलं.

मावशी मात्र पिंजरे धुवायच्या खोलीत गेल्या होत्या. तिथून हाक आली, "म्याडम, ह्यो नळ लई खाली बसवलाय. वाकून कंबर जाती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी प्लंबर घेऊन हजर झाले.